पहिल्यांदा क्रूझवर जाताना: केबिनमधली सेवा, टिप आणि बिल

आमच्या पहिल्या क्रूझच्या तिसऱ्या सकाळी न्याहारी आलीच नाही. रात्री दाराच्या मुठीला कार्ड अडकवलं होतं, त्यावर साडेसातची वेळ लिहिली होती. आठ वाजले, सव्वाआठ झाले. सासूबाईंच्या गोळ्या खोळंबल्या होत्या, मुलं भुकेनं कुरकुरत होती. मी तडक गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर गेले आणि आमच्या केबिन स्टुअर्डची, म्हणजे खोली आवरणाऱ्या माणसाची, तक्रार करून आले. तासाभरात तो दारात येऊन माफी मागून गेला. दुपारी बाहेर पडताना माझं लक्ष दाराकडे गेलं. ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी आदल्या रात्रीपासून तिथंच लटकत होती. न्याहारी वेळेवर आली होती आणि पाटी पाहून परत गेली होती. शिवाय न्याहारी आणणारी माणसं रूम सर्व्हिसची असतात, स्टुअर्डचा त्यात काही संबंध नसतो, हेही मला तेव्हाच कळलं. मी पुन्हा काउंटरवर जाऊन तक्रार मागं घेतली आणि त्याची क्षमा मागितली. पण तोवर त्याला वरिष्ठांचं जे ऐकून घ्यावं लागलं होतं, ते काही मला मागं घेता आलं नाही.

त्यानंतर आणखी काही सफरी झाल्या. प्रत्येक वेळी नवे प्रवासी त्याच प्रश्नांवर अडताना दिसतात: काय कुणाकडे मागायचं, कुणाला किती द्यायचं, आणि बिलात रोज दिसणारी ती रक्कम कसली. म्हणून बुकिंगपासून उतरेपर्यंत ज्या क्रमानं हे प्रश्न समोर येतात, त्याच क्रमानं लिहिते आहे.

## १. बुकिंग करतानाच टिपचा नियम वाचा

जहाजावरची टिप हॉटेलातल्या टिपेपेक्षा वेगळी असते. बहुतेक मोठ्या कंपन्या माणशी, दररोज एक ठरावीक रक्कम तुमच्या जहाजावरच्या खात्यात आपोआप लावतात. कुणी तिला ‘ग्रॅच्युइटी’ म्हणतं, कुणी ‘सर्व्हिस चार्ज’, कुणी ‘क्रू अप्रिसिएशन’. तिकिटाच्या जाहिरातीत जी किंमत दिसते, तिच्यात ही रक्कम बहुधा धरलेली नसते.

रकमेचा अंदाज यावा म्हणून सांगते. रॉयल कॅरिबियनचा हा दर मध्यंतरी साध्या केबिनसाठी माणशी रोज १८.५० डॉलर होता आणि स्वीटसाठी, म्हणजे मोठ्या, महागड्या केबिनसाठी, २१ डॉलर. २०२३ मध्ये कार्निव्हलचा दर १६ आणि १८ डॉलर होता, नॉर्वेजियनचा २० आणि २५. चौघांचं कुटुंब सात रात्रींसाठी १८.५० च्या दरानं गेलं तर ५१८ डॉलर होतात. शेवटच्या सकाळी हा आकडा पहिल्यांदा बघितला तर धक्का बसणारच. दर अधूनमधून वाढतात, त्यामुळे तुम्ही बुकिंग कराल त्या दिवशीचा दर कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. लहान मुलांसाठी पैसे लागतात का, कितव्या वर्षापासून लागतात, हेही तिथंच पाहा. ते कंपनीगणिक बदलतं.

काही कंपन्यांची पद्धत अगदी वेगळी आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनं मे २०१९ पासून रोजची टिप आकारणं बंद केलं. सीबोर्न, सिल्व्हरसी, रीजंट सेव्हन सीज या महागड्या कंपन्यांच्या भाड्यातच टिप धरलेली असते. म्हणजे एका कंपनीच्या जहाजाचा अनुभव दुसरीकडे जसाच्या तसा लागू पडेल असं समजू नका. आमच्या ओळखीच्या एका जोडप्यानं तसं समजून दुसऱ्या सफरीचं सगळं अंदाजपत्रक चुकवलं होतं.

ही रक्कम आधीच भरून टाकायची सोय बहुतेक ठिकाणी असते. मी आता नेहमी तसंच करते. आधी भरलेल्या रकमेला नंतरची दरवाढ सहसा लागत नाही आणि जहाजावरचं बिल हलकं राहतं.

## २. बरोबर काय घ्यायचं

• डॉलरच्या सुट्या नोटा: एकच्या पंधरा-वीस, पाचच्या दहाएक, दहा-वीसच्या थोड्या. तुमच्या जहाजाचं चलन युरो किंवा पौंड असेल तर त्या चलनात. नाणी नकोत, क्रूला ती दुसऱ्या देशात बदलून मिळत नाहीत.
• सहा-सात लहान पाकिटं आणि एक पेन. चिठ्ठ्यांचा एखादा कागदी गठ्ठा.
• बुकिंगची छापील प्रत, त्यात टिप आधी भरली असल्याची नोंद. बिलात ती पुन्हा लागली तर दाखवायला हाच पुरावा.
• औषधांची आणि अ‍ॅलर्जीची इंग्रजीत लिहिलेली यादी, दोन प्रती.
• क्रेडिट कार्ड. डेबिट कार्ड जोडलंत तर काही दिवस तुमच्या खात्यातले पैसे अडकून पडू शकतात.
• साधं, हातावरचं घड्याळ. याचं कारण चौथ्या पायरीत येईल.

जहाजावर सगळा व्यवहार खोलीच्या कार्डावर चालतो, रोख कुठंच लागत नाही. म्हणूनच लोक सुट्या नोटा विसरतात आणि मग गेस्ट सर्व्हिसेसपाशी मोड मागत रांगेत उभे राहतात.

बंदरावर मोठ्या बॅगा ताब्यात घेणारे हमाल जहाजाचे नसतात, बंदराचे असतात. जहाजाच्या टिपेत त्यांचा वाटा नाही. अमेरिकेतल्या बंदरांत दर बॅगेमागे एक-दोन डॉलर देण्याची रीत आहे, म्हणून थोड्या नोटा हाताशी ठेवूनच गाडीतून उतरा.

## ३. पहिल्या दिवशी स्टुअर्डशी पाच मिनिटं बोला

जहाज सुटायच्या सुमाराला तुमचा केबिन स्टुअर्ड, म्हणजेच स्टेटरूम अटेंडंट, दार वाजवून ओळख करून देतो. सगळ्यात जास्त उपयोगाची वेळ हीच असते. लोक बॅगा उघडण्याच्या घाईत ‘थँक यू, थँक यू’ म्हणून दार लावून घेतात. तसं करू नका. तेव्हाच त्याला सांगा:

• खोली सकाळी आवरलेली हवी की संध्याकाळी. अलीकडे बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी दिवसातून दोनदाऐवजी एकदाच खोली आवरायला सुरुवात केली आहे, त्यामुळे वेळ निवडावी लागते.
• जोडलेले पलंग वेगळे करायचे का, जास्तीची उशी किंवा हँगर हवेत का.
• बर्फ रोज लागतो का. औषधं थंड ठेवायची असतील तर मिनीफ्रिजमधल्या बाटल्या काढून घ्यायला सांगा.
• घरातलं कुणी दुपारी झोपणार असेल तर ते.

एकदमच सगळं सांगितलं की त्याला त्याच्या फेऱ्या आखता येतात. रोज एक-एक गोष्ट मागत राहिलं की त्याचीच धावपळ वाढते. एकेका स्टुअर्डकडे पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त केबिन असतात.

त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव असतं, बहुतेक जहाजांवर देशही असतो. नाव लक्षात ठेवा, निदान लिहून ठेवा. आणि तो दुपारी दिसला नाही तर शोधत फिरू नका. समुद्री कामगारांसाठीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २० ऑगस्ट २०१३ पासून लागू झाला. त्यानुसार २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायलाच हवी. ती फार तर दोन तुकड्यांत घेता येते आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा असावा लागतो. याचा दुसरा अर्थ असा, की दिवसात चौदा तासांपर्यंत काम नियमात बसतं. त्याच्या नोकरीचा करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि तेवढ्या काळात आठवड्याची सुट्टी अशी नसते. दुपारचे ते दोन-तीन तास त्याच्या झोपेचे असतात. त्या वेळात टॉवेल हवा असेल तर फोनवरून हाउसकीपिंगला सांगा, जो कामावर असेल तो आणून देतो.

## ४. न्याहारीचं कार्ड नीट भरा

सकाळची न्याहारी केबिनमध्ये मागवण्यासाठी दाराबाहेर अडकवायचं एक कार्ड मिळतं. आता काही जहाजांवर हेच काम अ‍ॅपवर किंवा टीव्हीवर होतं. साधं वाटतं, पण सगळ्यात जास्त गोंधळ याच कार्डानं होतो.

केबिनचा क्रमांक आधी लिहा. हसू येईल, पण क्रमांक न लिहिलेली कार्डं रोज येतात असं मला रूम सर्व्हिसच्या एका मुलीनं सांगितलं. कार्डं रात्री गोळा होऊन एका ढिगात जातात, तिथं तुमचं दार दिसत नाही.

किती माणसांसाठी हवं आहे ते लिहा आणि प्रत्येक पदार्थापुढे आकडा घाला. नुसती बरोबरची खूण केली तर एकच नग येतो.

वेळ अर्ध्या तासाच्या टप्प्यात असते. ‘साडेसात ते आठ’ म्हणजे साडेसातला तयार राहायचं आणि आठपर्यंत वाट बघायची. जहाज बंदराला लागायच्या सकाळी सगळ्यांनाच एका वेळी न्याहारी हवी असते. सहलीला आठला निघायचं असेल तर साडेसहाचा टप्पा निवडा.

कार्ड कधीपर्यंत अडकवायचं ती वेळ त्याच्यावरच छापलेली असते, बहुधा रात्री दोन-तीनपूर्वी. झोपण्यापूर्वी अडकवा. आणि अडकवताना ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी काढा. आमचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

आता घड्याळाबद्दल. जहाज स्वतःच्या वेळेवर चालतं, तिला ‘शिप टाइम’ म्हणतात. पूर्वेला किंवा पश्चिमेला जाताना ती रात्रीत एक तास पुढं-मागं होते. त्याची सूचना त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत आणि अ‍ॅपमध्ये येते. फोन मात्र जवळच्या किनाऱ्यावरच्या टॉवरची वेळ धरून बसतो, आणि ती शिप टाइमशी जुळेलच असं नाही. फोन एअरप्लेन मोडवर ठेवला की वेळ आपोआप बदलत नाही आणि जहाजाच्या महागड्या मोबाइल नेटवर्कचं बिलही टळतं. मी हातावरचं घड्याळ शिप टाइमला लावते आणि फोनकडे वेळेसाठी बघतच नाही.

## ५. इतर वेळी मागवताना

रूम सर्व्हिस फुकट असते ही समजूत जुनी झाली. कुठं फक्त पाव-फळं-कॉफी अशी साधी न्याहारी मोफत असते आणि गरम पदार्थांना पैसे पडतात, कुठं दर ऑर्डरला ठरलेलं शुल्क असतं. रॉयल कॅरिबियननं २०१७ मध्ये दर ऑर्डरला ७.९५ डॉलर लावायला सुरुवात केली, साधी न्याहारी तेवढी मोफत ठेवली. डिस्नेच्या जहाजांवर बहुतांश पदार्थ आजही मोफत आहेत. म्हणून केबिनमधला मेन्यू वाचा आणि फोनवर ऑर्डर देताना ‘याचे काही पैसे पडतील का’ असा सरळ प्रश्न विचारा. यात कमीपणा काही नाही.

शुल्क दर ऑर्डरला असेल तर चौघांचं एकदमच मागवा. दहा मिनिटांनी ‘अजून एक सूप’ म्हटलं की दुसरी ऑर्डर, दुसरं शुल्क.

आणि एक नेमकं लक्षात ठेवा: हे शुल्क म्हणजे आणून देणाऱ्याची टिप नव्हे. ते कंपनीचं शुल्क आहे. काही जहाजांवर त्याच्यावर १८ टक्के ग्रॅच्युइटी वेगळी लागते, ती पावतीवर लिहिलेली असते. तीही नसेल तर ट्रे घेऊन आलेल्या माणसाला हातात दोन ते पाच डॉलर द्यावेत. साधी कॉफी असेल तर दोन, चौघांचं जेवण मजले ओलांडून आणलं असेल तर पाच. सेवा मोफत असेल तर मी हमखास देते, कारण त्या खेपेतून त्याला दुसरं काही मिळत नाही.

अ‍ॅलर्जी असेल तर ती प्रत्येक ऑर्डरच्या वेळी सांगा. डायनिंग हॉलमधल्या वेटरला सांगितलेलं रूम सर्व्हिसच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलंच असेल असं धरून चालू नका.

## ६. दार वाजल्यावर

आधी बाल्कनीचं दार बंद करा, मग केबिनचं उघडा. हे कुणीच सांगत नाही. दोन्ही दारं एका वेळी उघडी राहिली की वारा आरपार घुसतो आणि केबिनचं जड दार दाणकन आपटतं. समोर दोन्ही हातांत गरम कॉफीचा ट्रे घेतलेला माणूस उभा असतो. बोटं चेमटण्याचे प्रकार असेच घडतात.

टेबल रिकामं करून ठेवा. केबिन इतकी लहान असते, की ट्रे ठेवायला जागा नसेल तर तो बिचारा पलंगाच्या कडेशी अवघडून उभा राहतो. अंगभर कपडे घालूनच दार उघडा. झोपेतून उठून टॉवेलवर दार उघडणारे प्रवासी क्रूला नेहमी भेटतात आणि त्यांना त्याचा संकोच होतो, पण ते बोलू शकत नाहीत. मुलांना आंघोळीला पाठवायचं असेल तर ट्रे येऊन गेल्यावर पाठवा.

तो आत आल्यावर ट्रेवरचं सगळं तपासा. चमचा, साखर, मुलाचं दूध काही राहिलं असेल तर तो समोर असतानाच सांगा. पावतीवर सही करण्यापूर्वी ग्रॅच्युइटीची ओळ वाचा.

त्याला थांबवून गप्पा मारू नका. बोलावंसं वाटतं, घरची चौकशी करावीशी वाटते, हे मला कळतं. पण त्याच्या ढकलगाडीवर आणखी चार ट्रे थंड होत असतात. चौकशी करायचीच असेल तर तो रिकामा दिसेल तेव्हा करा, आणि पगार किती मिळतो हा प्रश्न विचारू नका. खोलीत बसा, आमच्याबरोबर खा, एक पेला घ्या, असा आग्रह तर अजिबात नको. प्रवाशांच्या केबिनमध्ये कामाव्यतिरिक्त थांबणं क्रूच्या नोकरीवर बेतू शकतं. तुमचा प्रेमाचा आग्रह त्याला महागात पडायचा.

## ७. रिकामा ट्रे

खाऊन झालं की बरेच जण ट्रे दाराबाहेर जमिनीवर ठेवतात. हॉटेलात ठेवतो तसं. जहाजावर ठेवू नका.

जहाजाचा कॉरिडॉर अरुंद असतो आणि संकटाच्या वेळी बाहेर पडायची तीच वाट असते. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून कलंडलं. त्यानंतर नियम कडक झाले आणि १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांची सुरक्षा कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घेणं बंधनकारक झालं. त्या कवायतीत तुम्ही ज्या वाटेनं जाता, ती वाट दिवे गेले असताना आणि जहाज कललेलं असताना कशी असेल याचा विचार करा आणि मग तिथं काचेचे पेले पडलेले असतील तर काय होईल ते पाहा. आणीबाणीचं सोडा, चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्याला किंवा डोळ्यांनी अधू असलेल्याला रोजच त्याचा त्रास होतो.

रूम सर्व्हिसला फोन करून ‘ट्रे न्यायला या’ म्हणायचं, किंवा ट्रे आवरून टेबलावर ठेवायचा म्हणजे स्टुअर्ड खोली आवरताना घेऊन जातो. ताटल्या एकात एक रचा, उरलेलं एकत्र करा. बाल्कनीत काही ठेवू नका. वाऱ्यानं रुमाल, पेले समुद्रात जातात आणि खाण्यावर पक्षी येतात.

## ८. खात्यातली ती रोजची रक्कम

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण गैरसमज इथंच होतात.

पूर्वी जहाजावर प्रत्येक कुटुंबाचं जेवणाचं टेबल, वेळ आणि वेटर ठरलेला असे. सफरीच्या शेवटच्या रात्री वेटर, त्याचा मदतनीस आणि स्टुअर्ड यांना पाकिटातून पैसे द्यायचे, अशी रीत होती. पुढं हव्या त्या वेळी, हव्या त्या ठिकाणी जेवायची मुभा आली. नॉर्वेजियननं २००० साली ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ या नावानं ती आणली आणि इतरांनीही आपापल्या परीनं तसंच केलं. रोज वेगळा वेटर असेल तर पाकीट द्यायचं कुणाला? त्यातून ही रोजची आपोआप लागणारी रक्कम रुळली.

ती तुमच्या वेटरला आणि स्टुअर्डला तर मिळतेच, पण तुम्हाला कधीच न दिसणाऱ्या लोकांतही वाटली जाते: चादरी धुणारे, भांडी घासणारे, बुफेची टेबलं पुसणारे. वाटणीचं प्रमाण कंपनीगणिक वेगळं आहे. या लोकांच्या कमाईत या पैशाचा वाटा मोठा असतो. कंपन्यांनी पगारच पुरेसा द्यावा, असं माझंही स्पष्ट मत आहे. पण त्या मताची किंमत भांडी घासणाऱ्यानं मोजावी, हे मला पटत नाही.

बऱ्याच कंपन्यांत गेस्ट सर्व्हिसेसला सांगून ही रक्कम कमी करता येते किंवा काढताही येते. शेवटच्या रात्री त्यासाठी रांग लागते, ती मी पाहिली आहे. ‘मी ज्याला हवं त्याला रोख देईन’ असं रांगेतले बरेच जण म्हणतात. त्यात दोन अडचणी आहेत. एक, पडद्यामागच्या माणसांना त्यातून काहीच मिळत नाही. दुसरी, काही कंपन्यांत ज्या प्रवाशानं आपोआपची टिप काढली आहे, त्यानं दिलेली रोख रक्कम क्रूला सामाईक निधीत जमा करावी लागते. म्हणजे तुम्ही वीस डॉलर हातात दिलेत तरी ते त्याच्या खिशात राहतीलच असं नाही. रक्कम तशीच ठेवली तर वरून दिलेली रोख टिप त्याची स्वतःची असते.

दुहेरी टिपेचा सापळाही इथलाच. बारमध्ये, सशुल्क रेस्टॉरंटमध्ये, स्पामध्ये बिलावर १८ ते २० टक्के आधीच लावलेले असतात. १२ डॉलरचं पेय १८ टक्क्यांनी १४.१६ डॉलरला पडतं. त्याच पावतीवर खाली ‘अ‍ॅडिशनल टिप’ अशी मोकळी ओळ असते. ती भरायलाच हवी असं वाटून लोक पुन्हा पंधरा-वीस टक्के लिहितात. ती ओळ पूर्णपणे ऐच्छिक आहे. काही द्यायचं नसेल तर तिच्यावर आडवी रेघ मारा आणि एकूण रक्कम स्वतःच्या हातानं लिहा.

खातं रोज तपासा. टीव्हीवर, अ‍ॅपवर किंवा काउंटरवर ते दिसतं. टिप आधी भरली असताना पुन्हा लागली आहे का, दुसऱ्या केबिनचा खर्च आपल्या नावावर आला आहे का, हे दुसऱ्या दिवशीच पाहिलं तर पाच मिनिटांत दुरुस्त होतं.

## ९. वरून रोख कुणाला द्यायची

हे पूर्णपणे तुमच्या मनावर आहे. कुणी अपेक्षेनं हात पुढं करत नाही आणि दिलं नाही म्हणून सेवा कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे. आम्ही काय करतो ते सांगते.

स्टुअर्डला आठवड्याच्या सफरीत वीस ते चाळीस डॉलर. त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी, निम्मे शेवटी. बरोबर आजारी किंवा वयस्कर माणूस असेल, मुलांनी खोलीत पसारा केला असेल, तर हात जरा सैल सोडतो. रोज एकाच टेबलावर बसत असू तर वेटर आणि त्याचा मदतनीस यांनाही पाकीट. स्वीटमध्ये बटलर असतो, तो काही जहाजांवर आपोआपच्या टिपेत धरलेला नसतो, विचारून घ्या.

कॅप्टन, अधिकारी, डॉक्टर, नर्स, गेस्ट सर्व्हिसेसचे कर्मचारी यांना टिप देऊ नका, ते अवघडून जातात. मुलांच्या क्लबमधल्या ताईला पैशांपेक्षा नावानिशी लिहिलेलं पत्र जास्त उपयोगी पडतं.

नोटा टेबलावर नुसत्या ठेवून जाऊ नका. स्टुअर्ड त्यांना हात लावणार नाही, कारण त्या तुम्ही विसरलेल्याही असू शकतात आणि त्याच्यावर आळ येऊ शकतो. पाकिटात घाला, त्यावर त्याचं नाव आणि ‘तुमच्यासाठी, आभार’ असं लिहून केबिनचा क्रमांक घाला. एखादी वस्तू द्यायची असेल तर तिच्यासोबतही अशी सहीची चिठ्ठी हवी. घरून आणलेला खाऊ, उघडलेल्या बाटल्या, वापरलेले कपडे देऊ नका.

## १०. काही बिनसलं तर

आधी त्याच माणसाला सांगा, तेही त्याच दिवशी. ‘उद्यापासून सकाळी दहानंतर खोली आवराल का’ एवढंच म्हटलं तरी पुरतं. त्यानं सुधारलं नाही तर त्याच्या वरच्या सुपरवायझरला, आणि त्यानंतर गेस्ट सर्व्हिसेसला. मी पहिल्या सफरीत थेट तिसऱ्या पायरीवर गेले होते. सात दिवस मनात ठेवून शेवटी टिप काढून टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग. त्यात तुमची गैरसोय दूर होत नाही आणि त्या माणसाला काय चुकलं तेही कळत नाही.

बोलण्याआधी पाटी, घड्याळ आणि कार्डावर लिहिलेलं एकदा तपासा.

## ११. बोट लागली किंवा पोट बिघडलं तर

सासूबाईंना दुसऱ्याच दिवशी बोट लागली होती. अशा वेळी रूम सर्व्हिसला फोन करून ‘सी-सिक आहेत’ म्हटलं की हिरवी सफरचंदं, कोरडी बिस्किटं, आल्याचं पेय असं काहीतरी पाठवतात.

उलट्या-जुलाब मात्र लपवू नका. जहाजावर नोरोव्हायरस फार वेगानं पसरतो आणि जंतुनाशक जेल त्याच्यावर फारसं चालत नाही. साबण आणि पाणीच लागतं. दवाखान्याला फोन करा. ते तुम्हाला केबिनमध्येच थांबायला सांगतील आणि खाणं तिथंच पाठवतील. स्टुअर्डला दारातूनच सांगा, म्हणजे तो हातमोजे घालून, वेगळ्या पद्धतीनं सफाई करेल. घाण झालेली चादर किंवा टॉवेल स्वतः झटकू नका, कॉरिडॉरमध्ये टाकू नका. हा माणूस तुमच्यानंतर आणखी वीस केबिनमध्ये जाणार असतो, आणि तो आजारी पडला तर त्यालाही वेगळं ठेवलं जातं.

## १२. शेवटची रात्र आणि सकाळ

मोठ्या बॅगा रात्री ठरलेल्या वेळेआधी दाराबाहेर ठेवायच्या असतात. बॅगांना ही मुभा आहे, ट्रेना नाही. त्या भरण्यापूर्वी पाकिटं बाहेर काढून ठेवा. टिपेची पाकिटं बॅगेत जाऊन ती रातोरात खाली गेल्याचे प्रसंग होतात.

पाकीट शेवटच्या संध्याकाळीच द्या. उतरायच्या सकाळी तुमचा स्टुअर्ड भेटेल याची खात्री नसते. काही तासांत सगळी जहाजभर माणसं उतरतात आणि दुपारपासून नवी चढतात. तेवढ्या वेळात त्याला सगळ्या केबिन नव्यानं लावायच्या असतात. बऱ्याच जहाजांवर त्या सकाळी रूम सर्व्हिसची न्याहारीही बंद असते, तेव्हा कार्ड अडकवण्यापूर्वी विचारा. तुम्हाला सांगितलेल्या वेळेला केबिन खरोखर सोडा. कचरा डब्यात टाका, टॉवेल एका जागी गोळा करा, तिजोरी उघडी ठेवा आणि रिमोट टेबलावर दिसेल असा ठेवा.

खात्याचं अंतिम बिल रात्रीच पाहून घ्या. सकाळी काउंटरवरची रांग लांबच लांब असते आणि तोवर चूक शोधायला निवांतपणा उरत नाही.

घरी पोचल्यावर कंपनीकडून अभिप्रायाचा ई-मेल येतो. तो टाळू नका. ‘सगळे छान होते’ असं लिहून कुणाच्याच उपयोगी पडत नाही. बिल्ल्यावरचं नाव, काम, केबिनचा किंवा टेबलाचा क्रमांक आणि नेमकं काय केलं ते लिहा. नावानिशी आलेला अभिप्राय वरिष्ठांपर्यंत जातो आणि पुढचा करार, बढती यांच्या वेळी कामी येतो. नावं विसरतात, म्हणून मी शेवटच्या रात्री सगळ्यांची नावं वहीत उतरवून घेते. पहिल्या सफरीच्या अभिप्रायात मी आमच्या त्या स्टुअर्डबद्दल अर्धं पान लिहिलं होतं, आणि तिसऱ्या सकाळची चूक माझी होती हे त्यात पहिल्याच ओळीत होतं.